'फेज डाउन'ला मराठीत काय म्हणायचं?

हवामान परिषदेवरचा एक मजकूर मराठीत करतेय आणि 'फेज आउट', 'फेज डाउन' इथे अडकलेय. दोन्हीला सरसकट 'टप्प्याटप्प्याने बंद' लिहिलेलं वाचलंय, पण आउट म्हणजे पूर्ण बंद आणि डाउन म्हणजे नुसतं कमी, सगळा राडा त्या फरकावरूनच झाला होता ना?

*

हो, ग्लासगोची हवामान परिषद, नोव्हेंबर २०२१. मसुद्यात कोळसा 'फेज आउट' होता, अगदी शेवटी चीनने आणि मग आपले पर्यावरणमंत्री भूपेंदर यादवांनी त्याचं 'डाउन' करून घेतलं, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांचा तर गळाच दाटून आला. शिव्या जास्त आपल्याला पडल्या, पण तीनच दिवस आधी अमेरिका-चीनच्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशाला हाच शब्द लावला होता, त्याचा एवढा गवगवा नाही झाला. असो. डाउनला 'आवरतं घेणे' कसं वाटतं?

*

नको हो, 'आता आवरतं घ्या' अशी चिठ्ठी वक्त्याला गेली की भाषण संपवायचंच असतं, म्हणजे ते आउटच झालं. 'कमी करत नेणे' बरं. कुठवर ते त्यात कळत नाही, पण मूळ शब्दात तरी कुठे कळतं!

*

याच्याहून डेंजर म्हणजे 'शॅल' आणि 'शुड'. पॅरिस हवामान करार, २०१५, कलम ४.४. श्रीमंत देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेण्याच्या वाक्यात 'शॅल' पडलं होतं, ते राहिलं असतं तर बंधनकारक झालं असतं आणि करार अमेरिकेच्या सिनेटपुढे न्यावा लागला असता, तिथे तो मंजूर होणं अशक्यच, म्हणून ऐनवेळी टायपिंगची चूक म्हणून 'शुड' करून टाकलं. आता मराठीत शुडला 'करावे' लिहाल तर घात, कारण आपल्या सरकारी पत्रात 'तात्काळ कार्यवाही करावी' हा चक्क हुकूम असतो. कायद्याच्या मराठीत शॅलला 'करील' वापरतात, तेच ठेवा, आणि शुडला 'करणे अपेक्षित आहे'.

*

'अपेक्षित आहे' भारीये, घेतेच. आणि दुबईच्या परिषदेतलं, २०२३ चं 'ट्रान्झिशनिंग अवे'? तेल-वायूला 'फेज आउट' म्हणायला सौदी तयार नव्हता म्हणून काढलेला शब्द तो.

*

'काढता पाय घेणे'! छापू नका मात्र. छापायला 'पासून दूर जाणे' लिहा.