उत्तर: केशवराव भोसले नाट्यगृह जिथं होतं तिथंच हवं

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं, त्यावरच्या चर्चेत 'जळालंच आहे, तर आता गावाबाहेर पार्किंगवालं नवं एसी नाट्यगृह बांधा' असं दोघांनी लिहिलंय. पार्किंगचं अगदी मान्य, प्रयोगाच्या दिवशी तिथं गाडी लावणं म्हणजे शिक्षाच. पण जागा बदलायला माझा ठाम विरोध. शाहू महाराजांनी १९१५ साली हे नाट्यगृह 'पॅलेस थिएटर' म्हणून उभं केलं ते खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच. कुस्ती आणि नाटक एकमेकांना खेटून, एकाच आवारात! कोल्हापूर समजायला एवढं पुरे आहे. यातलं एक उचलून हायवेला नेलं तर उरेल तो नुसता हॉल.

शिवाय नाव ज्यांचं आहे त्यांच्याबद्दल या चर्चेत कुणीच बोललं नाही. गायक-नट केशवराव कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये, अठराव्या वर्षी त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केलं, म्हणजे दोघांनी एकत्र येऊन 'मानापमान' नाटकाचा प्रयोग: नायक धैर्यधर केशवराव, नायिका भामिनी बालगंधर्व. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघं एकतीस. नाट्यगृहाला आग लागली ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती.

आमच्यासारख्या हौशी मंडळींनी राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्तानं या रंगमंचावर पहिल्यांदा पाय ठेवला. ऑफिस सुटल्यावर चालत तालमीला पोचता यायचं, म्हणून तर नाटक जमलं. गावाबाहेर ते कोण करणार?