मदत हवी आहे : आण्णांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवरचे मार्क कोणी ओळखेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याकडचे. माझे थोरले काका, आण्णा, पौषात गेले. त्यांच्या पेटीत तळाला धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर निघालं, मशीनच्या तेलाचा वास अजून येत होता म्हणजे शेवटपर्यंत पुसत असणार. लायसन्स आण्णांचं, त्याआधी आजोबांचं. काकू म्हणे, "त्याले हात नका लावू रे." लगेच पोलिसांना कळवलं, हवालदारांनी येऊन उघडून रिकामं आहे बघितलं, जमा करून पावती दिली. वारसाचा अर्ज कलेक्टर ऑफिसात टाकतोय, तो प्रश्न नाही. जमा व्हायच्या आधी त्यांच्यासमोरच मोबाईलवर फोटो काढले, विचारायचंय ते त्यावरून.

सहा गोळ्यांचं आहे. डाव्या अंगाला अंगठ्याने दाबायचा खटका, तो दाबला की नळी खाली वाकते आणि मधून चांदणीसारखा तुकडा वर येतो. मुठीखाली दोरी ओवायची कडी. नळीच्या वरच्या पट्टीवर मार्क ४, .३८, १४५/२०० आणि बाजूला 'वॉर फिनिश'. भाचेजावई एनफील्ड म्हणतात (एनफील्ड आणि वेब्ली, दोन्ही ब्रिटिश बनावटीची) पण एनफील्डचं नाव आणि साल उजव्या बाजूला असतं ना, इथे ती बाजू कोरी आहे. मला वेब्ली वाटतं.

खरी अडचण वेगळी. बाणाचा छाप आहे, तो ब्रिटिश सरकारी मालाचा हे माहितीये. आजोबा दुसऱ्या महायुद्धात साधे शिपाई होते, शिपायाकडे रायफल असते, रिव्हॉल्व्हर साहेबाकडे. तेराव्याला पंगतीत एक जण बोलून गेले की पळवून आणलं असेल, काकूला ते फार लागलंय, दोन दिवस जेवली नाही नीट. फोटो मोठा केला तर बाणासमोर अजून एक उलटा बाण दिसतो, टोकाला टोक. त्याचा अर्थ काय?

उत्तर : वेब्ली मार्क ४ च, बर्मिंगहॅमचं. युद्धात घाईने बनवलेल्यांना पॉलिश कमी असायचं म्हणून 'वॉर फिनिश' ठोकायचे. १४५ आणि २०० हे गोळीचं वजन, ग्रेन या छोट्या मापात. आणि टोकाला टोक लागलेले दोन बाण म्हणजे सरकारने स्वतः ते सेवेतून काढून विकलं. पळवलेल्या मालावर तो छाप कोण मारणार? दुसरा बाण खरंच आहे ना तेवढं भिंगातून बघून घ्या, घासलेला मार्क फसवतो.

धागाकर्ता : काल पोलीस स्टेशनला अर्जाच्या कामाने गेलो होतो, साहेबांना विनंती केली, त्यांनी टॉर्च लावून दाखवलं. दोन्ही बाण आहेत, टोकं चिकटलेली. तिथूनच काकूला फोन केला. थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणे, "पैसा मोजीसन लिधं ना मंग?" हो म्हटलं. दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.