दुःखात मी जवळची, लग्नाची बातमी मात्र मला शेवटी. चूक कुणाची?

शहापूरची_सून (धागा सुरू करणारी)

मैत्रिणींनो, तीन आठवडे मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. पटेल ते स्पष्ट बोला.

मी बेळगावात शहापूरला राहते. 2006 ला लग्न होऊन आले. त्याच वर्षी दोन घरं सोडून माझी ही मैत्रीणही सून म्हणून आली. तेव्हा गल्लीत पाण्याचा नेम नसायचा, रात्री अकरा-बाराला नळाला धार यायची. घागरी भरता भरता आमचं जमलं. तिच्या घरी दोन यंत्रमाग होते, नवरा साड्या विणायचा.

2021 च्या मे महिन्यात कोरोनात तो गेला. घरातल्या बायका तिच्या बांगड्या फोडायला बसल्या, मी फोडू दिल्या नाहीत. साबणाचं पाणी लावून एकेक करून उतरवल्या. डाव्या हातातल्या दोन तडकल्या, बाकी सगळ्या धड निघाल्या. त्यानंतर सहा महिने मी रोज रात्री तिच्याकडे झोपायला जात होते. माझं माहेर बैलहोंगलचं, शाळा कन्नड. तिला कन्नड बोलायला जमतं, लिहायला नाही. मृत्यूचा दाखला, बँकेतली वारस नोंद, विमा, विधवा वेतनाचा अर्ज, सगळे कागद मी भरले. तिनं सही करायची तिथं मी पेन्सिलीनं बारीक फुली मारून द्यायचे.

मग ती हळूहळू उभी राहिली. पोळी-भाकरीच्या ऑर्डरी घ्यायला लागली. माग विकायला काढले तेव्हा इचलकरंजीहून एक गृहस्थ बघायला आले, त्यांची बायको वारलेली. सगळे भंगाराच्या दरानं मागत होते, त्यांनी चालू मागाचा भाव दिला. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. मला खरंच आनंद झाला असता.

पण मला कळलं ते लग्नाच्या तीन दिवस आधी. 1954 च्या स्पेशल मॅरेज कायद्यानं रजिस्टर लग्न. त्याला 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते. म्हणजे महिनाभर आधी तिनं अर्ज भरला, कागद जोडले, आणि ते दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेतले. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. तो फॉर्म माझ्या अक्षरात असायला हवा होता.

लग्नाला गेले, फोटो काढले, घरी येऊन पोटभर रडले. आता ती इचलकरंजीला. ती फोन करत नाही, मीही केलेला नाही. दुःखातली मैत्रीण सुखात नकोशी होते का?

निपाणीची_काकू

होते. आणि याला कृतघ्नपणा म्हणतात, दुसरं नाव नाही. सुतकातल्या घरी पिठलं-भाकरी घेऊन जाणारी एखादीच असते. त्या एकीला लग्नाचं आधी सांगायला तोंडात काय गूळ धरला होता? तुम्ही फोन करू नका. तिला गरज असेल तर करेल ती.

खानापूरची_माणिक

काकू, जरा थांबा. ताई, एक विचारते, राग मानू नका. 2022 पासून किती संक्रांती झाल्या? तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलंत का?

शहापूरची_सून

बोलावलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणूनच नाही. सगळ्या नटूनथटून येणार, ती एकटी कोपऱ्यात बसणार, मला बघवलं नसतं. शिवाय सासूबाई आहेत घरात. पण वाण एकदाही चुकवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हातून पाठवायची. स्टीलचा डबा, तिळगूळ, सगळ्यांना दिलं तेच, पेपरात नीट गुंडाळून.

खानापूरची_माणिक

पेपरात का गुंडाळून?

बाकीच्यांच्या हातात उघडा डबा दिलात ना? तिचाच झाकून, कारण मुलीच्या हातात वाण बघून गल्लीतलं कुणी विचारेल, ‘हे कुणाकडे?’ म्हणून. खरं की नाही ते तुम्हीच बघा. त्या दिवशी चार बायकांसमोर बांगड्या फोडू न देणारी बाई तुम्ही. त्या वेळचं धैर्य मोठं होतं, मी वाचताना रडले. पण पुढच्या संक्रांतीला तीच बाई सासूबाईंना एवढं म्हणू शकली नाही की ‘ती येणार.’ आणि तिला वाईट वाटेल हे तुम्ही परस्पर ठरवलंत. तिला विचारलंच नाहीत.

मैत्रीण म्हणून तुम्ही तिच्या रडण्यात होतात, मंगलकार्यात तिला जागा दिली नाहीत. मग तिनं तिच्या मंगलकार्यात तुम्हाला शेवटची जागा दिली. मला यात कृतघ्नपणा दिसत नाही.

निपाणीची_काकू

हे फार झालं. सासरच्या घरात राहणाऱ्या सुनेला किती मोकळीक असते हे तुम्हाला ठाऊक नाही असं नाही. मी 34 वर्षं शाळेत शिकवलं, चार बायकांत बोलायचं धाडस माझ्यात आहे, तरी माझ्या स्वतःच्या घरात विधवा जावेला ओवाळायला बोलवायला मला सासू जाईपर्यंत थांबावं लागलं. या मुलीनं वाण तरी पोचवलं. आमच्या पिढीत तेही कुणी करत नव्हतं.

आणि काळ बदलतोय म्हणाल तर पलीकडे महाराष्ट्रात बघा. आमच्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. 4 मे 2022 ला तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला परिपत्रक काढलं. पण ते पलीकडच्या गावांना. माणसं तीच, भाषा तीच, सोयरीक इकडून तिकडे, आणि आमच्या कर्नाटकाच्या बाजूला कुणी कागद दाखवून सासूला गप्प करावं म्हटलं तर तसा कागदही नाही. मग सगळा भार एकट्या सुनेवर टाकायचा?

खानापूरची_माणिक

कागद नव्हता तेव्हाही हिनं बांगड्या वाचवल्या की, काकू.

दुसरा_डाव_संकेश्वर

मी त्या मैत्रिणीच्या जागेवरून लिहिते. माझा नवरा 2015 ला अपघातात गेला, 2019 ला मी परत लग्न केलं, गडहिंग्लजला. माझी एक गडण होती, तुमच्यासारखीच. तिनं मला हातानं भरवलंय. आणि लग्नानंतर दोन वर्षं मी तिचा फोन उचलला नाही.

का, ते सांगते. ती समोर आली की माझा चेहरा आपोआप तसा व्हायचा. तीही दारातूनच आवाज खाली आणून विचारायची, ‘बरी आहेस ना?’ मला बरं वाटत असलं तरी तिच्यासमोर बरं दिसायची चोरी. एकदा संकष्टीला देवळात मी कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्यानं हसले. तिनं वळून बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. पण तेवढ्यात माझं हसू थांबलं. नव्या घरात मला कुणी ‘बिचारी’ म्हणून ओळखत नव्हतं. तिथं मी भाजीत मीठ जास्त घालणारी एक बाई होते. ते मला हवं होतं.

उपकाराचंही ओझं असतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण मला सगळं पाठ होतं, कुठल्या रात्री ती आली, कुणाचं पोर तापलेलं सोडून आली. फेडणार कसं? ती सुखात होती, तिला माझी गरज कधी पडलीच नाही.

पण दुसरी बाजूही माझ्याच तोंडून ऐका. माझ्या पहिल्या नवऱ्याला तिखट आमटी लागायची, गाडी पुसताना शीळ घालायचा. हे आता बोलायचं कुणाशी? सासर सुटलं. नव्या घरात त्याचं नाव काढणं बरं दिसत नाही, हे चांगले आहेत तरी. त्याला बघितलेलं, त्याच्याशी थट्टा केलेलं माझ्या ओळखीत एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाचा फोन मी कापत होते. 2021 च्या त्याच्या तिथीला मी स्वतः तिला फोन केला. ती म्हणाली, ‘आज आमटी तिखट केलीय.’ एवढंच. मग आम्ही तासभर बोललो.

तरी ती दोन वर्षं मी चुकीची मानत नाही. मला ती लागत होती. तुमच्या मैत्रिणीला तिचा वेळ द्या.

कोर्टात_टायपिंग_करते

मी बेळगावातच काम करते, असली प्रकरणं रोज हाताखालून जातात. एक साधी शक्यता कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. नोटीस लागली की त्या 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. कायद्यानं हरकतीला ठरावीकच कारणं चालतात, आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय कमी असणं, नात्यातली मनाई, अशी. ‘आमच्या घरची सून आहे’ हे कारण चालत नाही. पण घरी येऊन भांडायला, पोरांना फितवायला कायदा लागत नाही. त्यात जागा, माग, पैसे असले की दीर लगेच जागे होतात. परत लग्न केलं म्हणून पहिल्या नवऱ्याकडून वारसानं मिळालेला हिस्सा जात नाही, पण हे सासरच्यांना माहीत नसतं, आणि बाईलाही नसतं. म्हणून बायका त्या महिन्यात अगदी मुक्या होतात.

ताई, तिचा दीर आणि तुमचे मिस्टर यांचं बोलणं आहे का?

शहापूरची_सून

आहे. एकाच गणेश मंडळात आहेत, रोज रात्री कट्ट्यावर एकत्र बसतात. ह्यांच्या पोटात काही राहत नाही हे तिला माझ्याइतकंच ठाऊक.

हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तीन आठवडे मी फक्त फॉर्म कुणी भरला एवढंच धरून बसले होते.

निपाणीची_काकू

म्हणून काय झालं? एकोणीस वर्षांची मैत्री. नवऱ्याला न सांगता मैत्रिणीचं गुपित पोटात ठेवणाऱ्या बायका मी शंभर बघितल्यात. तिनं विश्वास टाकायला हवा होता. ‘हे कुणाला सांगू नकोस’ एवढं म्हणायचं. तेवढीही खात्री वाटली नसेल तर मला ती मैत्री एकतर्फीच वाटते, आणि हे मी शहापूरच्या बाजूनं बोलतेय, तिला दुखवायला नाही.

कोर्टात_टायपिंग_करते

काकू, तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या तीस दिवसांवर होतं. मी असते तर सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नसतं.

खानापूरची_माणिक

आपल्या भागात रांडाव पुनव कुणाला सांगायला नको. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माचा चुडा उतरतो, देवी विधवा होते. पुढं अहेव पुनवेला तीच देवी परत हिरवा चुडा भरते, आणि त्याची जत्रा भरते. माझी आजी चालत जायची. देवीचं दुसऱ्यांदा सवाष्ण होणं आपण भंडारा उधळून साजरं करतो, आणि बाईनं केलं की ती तीस दिवस कुणाला सांगू शकत नाही.

निपाणीची_काकू

बरोबर बोललीस, आणि माझंच म्हणणं त्यात आहे. अहेव पुनवेला देवीसोबत बायकाही हिरव्या बांगड्या भरतात, ती एकटी भरत नाही. या मुलीनं जिच्या बांगड्या उतरवल्या, तिचा नवा चुडा भरताना तिला शेजारी बसायला मिळालं नाही. ते तिचं दुःख खरं आहे. दिराची भीती होती हे कळलं म्हणून ते कमी होत नाही.

शहापूरची_सून

काकू, हेच. हेच मला सांगता येत नव्हतं.

दोन दिवस काही लिहिलं नाही कारण काल तिचा मेसेज आला. लग्नानंतरचा पहिला. ‘काय करूल्यास?’ एवढाच. मी अर्धा तास बघत बसले. मग दुसरा आला. तिकडच्या रेशन कार्डात नाव घालायला इथल्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. अर्ज कन्नडात. ‘सोमवारी येते, भरून देशील?’

निपाणीची_काकू

बघा, काम पडलं तेव्हा आठवण. ऑफिसबाहेर पन्नास रुपयांत फॉर्म भरून देणारे बसतात.

दुसरा_डाव_संकेश्वर

काकू, पन्नास रुपयांत होणारं काम ती बसचे दोन-अडीच तास खर्चून हिच्याकडे घेऊन येतेय. मी फोन केला तेव्हा मलाही काहीतरी निमित्त लागलं होतं, मी पापडाचं प्रमाण विचारलं होतं.

शहापूरची_सून

मी ‘ये’ म्हणून कळवलंय. फॉर्म भरीन. पण त्याआधी हळदीकुंकवाचं मीच काढणार आहे, तिनं काढायच्या आत. पेपर का गुंडाळला ते सांगणार. आणि तीस दिवसांचंही विचारणार, मला लागलं हेही सांगणार. जे होईल ते होईल. यंदाच्या संक्रांतीला तिला बोलावणं सोपं आहे, आता ती सवाष्ण आहे, सासूबाई काही म्हणणार नाहीत. पण गल्लीत आणखी दोघी आहेत ज्यांना मी कधी बोलावलेलं नाही. त्यांचं काय करायचं ते सासूबाईंशी बोलायचं आहे. अजून धीर झालेला नाही.

खानापूरची_माणिक

त्या दोघींना आधी विचारा, यायचं आहे का. परस्पर ठरवू नका.

कोर्टात_टायपिंग_करते

तिचं विधवा वेतनही लग्नानंतर बंद होतं. चालू राहिलं आणि नंतर वसुली निघाली तर तिला त्रास होईल. सोमवारी तोही अर्ज देऊन टाका.

निपाणीची_काकू

माझं मत बदललेलं नाही, तिनं आधी सांगायला हवं होतं. सोमवारी जाताना मूळ रेशन कार्ड, लग्नाचा दाखला आणि आधारच्या दोन झेरॉक्स न्या, एकीत भागत नाही. आणि साडेदहाच्या आत पोचा, नंतर रांग रस्त्यापर्यंत येते.