पहिला रेंजफाइंडर कॅमेरा: कमी खर्चात कोणता घ्यावा?

धूसरछाया यांचा प्रश्न

फिल्मवरील छायाचित्रण मला नवे नाही, पण आजवरचे सगळे काम एसएलआरवर, म्हणजे आतील आरशातून लेन्सचेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर, झाले आहे. आता रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून पाहून दोन प्रतिमा जुळवत फोकस साधायचा कॅमेरा, घ्यावा असे मनात आहे. माणसांची छायाचित्रे काढताना आरशाचा खटका ऐकून समोरचा माणूस सावध होतो आणि त्याचा चेहरा बदलतो. शिवाय ते धूड दिवसभर गळ्यात वागवणेही आता नकोसे झाले आहे. लायका या महागड्या जर्मन कॅमेऱ्याचा विचार खर्चामुळे केव्हाच सोडून दिला. शोधाशोध केल्यावर कॅननेट क्यूएल १७ जी-३, याशिका इलेक्ट्रो ३५, ऑलिंपस ३५ आरसी आणि सोव्हिएत बनावटीचे झोर्की ४ व फेड २ ही नावे पुन्हा पुन्हा समोर आली. यांतील पहिल्या तिघांची लेन्स बदलता येत नाही, शेवटच्या दोघांची येते. पहिल्याच कॅमेऱ्यासाठी या सोयीला किती महत्त्व द्यावे? आणि इतक्या जुन्या कॅमेऱ्याची पारख घेताना नेमकी कशी करावी? मला चष्मा आहे, हेही सांगून ठेवतो.

जुनेभिंग यांचे उत्तर

लेन्स बदलण्याच्या सोयीला पहिल्या कॅमेऱ्यात मी फारसे महत्त्व देणार नाही. तुम्ही लिहिलेल्या कामासाठी ४० ते ४५ मिमीची एकच लेन्स पुरते, आणि या कॅमेऱ्यांवर ती मुळातच चांगली बसवलेली असते. मॉडेलच्या नावावरून होणारी चर्चा तर मला नेहमीच थोडी अनाठायी वाटते. सांभाळून वापरलेला सामान्य कॅमेरा हा हेळसांड झालेल्या नामांकित कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही बरा, म्हणून पारखीबद्दल आधी लिहितो.

सर्वांत आधी रेंजफाइंडरच पाहावा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, मध्यभागी एक फिकट चौकोन दिसतो आणि त्यात दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा उमटते. फोकसची कडी फिरवली की ही प्रतिमा सरकते आणि मूळ प्रतिमेवर तंतोतंत बसली की फोकस साधला. लेन्स अनंतावर ठेवून अर्ध्या-एक किलोमीटरवरचा एखादा मनोरा किंवा खांब पाहावा. दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. त्यानंतर टेपने मोजून एक मीटरवर ठेवलेल्या वस्तूवर प्रतिमा जुळवावी आणि कडीवरचा आकडा तोच येतो का ते पाहावे. प्रतिमा आडव्या दिशेने किंचित चुकत असेल तर बहुतेक वेळा दुरुस्ती सोपी असते. एक प्रतिमा दुसरीच्या वर किंवा खाली दिसत असेल, तर कॅमेरा कधीतरी पडला असण्याची शक्यता धरून चालावे.

मग शटर. कॅननेटचा सर्वांत मंद वेग पाव सेकंदाचा आहे. त्यावर शटर दाबून कान देऊन ऐकावे. यंत्राचा आवाज अडखळत, मध्येच दम घेत येत असेल तर आतील वंगण घट्ट झाले आहे. मागचे दार उघडून उजेडाकडे धरल्यास शटरच्या पात्यांवर तेलाची चकाकी आहे का, हेही दिसते. लेन्समधून टॉर्चचा झोत तिरपा टाकला की बुरशीचे तंतू लपत नाहीत. मागच्या दाराच्या खाचेतला फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नये, तो घरच्या घरी बदलता येतो.

या सगळ्यांतून उतरणारा कॅननेट जी-३ मिळाला तर मी तो घेईन. हे मॉडेल १९७२ सालचे, लेन्स ४० मिमी, एफ/१.७ (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड लेन्स आत घेऊ शकते). शटरचा वेग आपण ठरवायचा आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधील उजेडाच्या छिद्राचा आकार, कॅमेरा निवडतो. मुख्य म्हणजे सेल नसला तरी शटर चालते. मात्र अ‍ॅपर्चर स्वतः ठरवू लागलात की उजेड मोजणारा मीटर बंद पडतो, त्यामुळे उजेडाचा अंदाज स्वतः बांधण्याची तयारी हवी. ऑलिंपस ३५ आरसी याच पद्धतीचा, अंगाने आणखी लहान, पण त्याची लेन्स एफ/२.८ असल्यामुळे अंधाऱ्या खोलीत हात बांधले जातात.

पडदानशीन यांचे उत्तर

वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, तरी सोव्हिएत कॅमेऱ्यांना इतक्या सहज बाजूला सारू नये. त्यांना सेलच लागत नाही आणि त्यांचा एम ३९ आट्यांचा माउंट (लेन्स बसवण्याची जागा) लायकाच्या जुन्या स्क्रू माउंटचाच असल्यामुळे आज घेतलेली लेन्स पुढे अडॅप्टर लावून लायकाच्या नंतरच्या एम माउंटच्या कॅमेऱ्यावरही बसते. फेड २ मधील रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधील अंतर ६७ मिमी आहे, जे या किमतीच्या कॅमेऱ्यांत बरेच मोठे म्हणावे लागेल. हे अंतर जितके जास्त, तितका फोकस अचूक साधतो.

मात्र दोन पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. शटर आधी चढवावे, म्हणजे फिल्म पुढे सरकवून सज्ज करावे, आणि मगच वेगाची चकती उचलून फिरवावी. उलट क्रमाने केल्यास आतील यंत्रणा बिघडू शकते. दुसरे असे, की यांचे शटर कापडी पडद्यांचे असते आणि मध्ये आरसा नसतो, त्यामुळे उघडी लेन्स सूर्याकडे रोखलेली राहिली तर पडद्याला जळून भोक पडते. विकत घेताना लेन्स काढून, तळासकट निघणारी मागची बाजू उतरवून, पडदे प्रखर दिव्यासमोर धरावेत. सुईच्या टोकाएवढी भोकेही चमकून दिसतात.

चष्म्याबद्दल: झोर्की ४ च्या आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, कडी धातूची असते आणि ती चष्म्याच्या काचेवर ओरखडे पाडते. तिथे रबराची गोल चकती चिकटवावी, किंवा रिवाइंडच्या गुंडीखालच्या दांडीने चष्म्याचा नंबर जुळवून चष्म्याविना पाहावे.

मंदउजेड यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. ज्याला माणसे टिपायची आहेत त्याने रेंजफाइंडरवर फोकस करण्याची सवय आधी लावून घ्यावी आणि उजेडाचे गणित कॅमेऱ्यावर सोडावे. त्यासाठी याशिका इलेक्ट्रो ३५ उत्तम आहे: आपण अ‍ॅपर्चर ठरवायचे, वेग तो निवडतो. पिवळा दिवा लागला की वेग मंद आहे, हात स्थिर ठेवावा. लाल लागला की उजेड जास्त आहे. सेल संपला की एकच वेग उरतो, सेकंदाचा पाचशेवा भाग, ही उणीव मान्य करावीच लागेल. फिल्म पुढे सरकवताना आतून एक बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवे. ते येत नसेल तर आतील रबराचा तुकडा विरघळला आहे आणि एक्सपोजरवर, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या उजेडाच्या प्रमाणावर, विश्वास ठेवता येणार नाही.

धूसरछाया

सर्वांचे आभार. कॅननेटकडे मन झुकले आहे. एक पाहण्यात आला आहे. शटर आणि लेन्स ठीक आहेत, दूरची प्रतिमाही जुळते, पण मधला चौकोन फार फिकट आहे. शिवाय त्याला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही, त्याचे काय करावे?

जुनेभिंग

सेलची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मूळ सेल १.३५ व्होल्टचा होता. त्या जागी साधा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर मीटरला उजेड प्रत्यक्षाहून जास्त भासतो, फिल्मला उजेड कमी मिळतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, येतात. शिवाय सेल उतरत जाईल तसे वाचनही बदलत राहते. श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचा असतो. तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबराची कडी घालून बसवावा. काही आठवड्यांनी तो आपोआप उतरतो, पण स्वस्त असल्याने बदलताना जिवावर येत नाही.

चौकोन फिकट असण्याची कारणे दोन असू शकतात. वरचे झाकण काढून आतील काचा पुसल्यावर तो उजळला, तर ती नुसती धूळ होती. मात्र हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण आतील अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा कापसाच्या बोळ्यानेही निघून येतो आणि तो एकदा गेला की चौकोन कायमचा गेला. मुलामाच विरला असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर, चौकोनाच्या नेमक्या समोर, काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून पाहावा. मूळ प्रतिमा तेवढ्या भागात झाकली जाते आणि सरकणारी प्रतिमा उठून दिसू लागते. तिच्याभोवती दिसणाऱ्या दृश्यातील रेषेशी ती जुळवून फोकस साधावा लागतो, याला थोडा सराव लागेल. टेप लावून दिवसाउजेडी काम भागत असेल तर कॅमेरा घ्यावा. नसेल तर दुसरा शोधावा, कारण हे मॉडेल दुर्मीळ नाही.