पत्रिकेतलं ‘लग्न’ आणि मांडवातलं लग्न

प्रश्न

संगणकावर भाचीची पत्रिका काढून घेतली. वर ‘वैदिक ज्योतिष’ असा मथळा आणि खाली ‘लग्न : वृश्चिक, रास : कर्क’. मुलगी 9 वर्षांची. ‘माझं लग्नसुद्धा लिहून आलं?’ असं तिनं विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. विवाहाला आपण लग्न म्हणतो तो शब्द हाच का? शिवाय कुंडलीत वरच्या मधल्या घरात 8 आकडा आहे, ते आठवं स्थान समजायचं का? जन्म मे अखेरचा, पुण्यातला, संध्याकाळी सातच्या सुमाराचा.

प्रतिसाद

शब्द हाच, आणि पत्रिकेतला अर्थ आधीचा. संस्कृतात ‘लग्’ म्हणजे चिकटणे, टेकणे. जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजाला जी रास टेकलेली असते, उगवत असते, ते त्या माणसाचं लग्न. आपलं ‘लागणे’ त्याच धातूतून आलं, म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो.

बाराही राशी दिवस-रात्रीत एकदा उगवतात, त्यामुळे लग्न साधारण दर 2 तासांनी बदलतं. नुसतं ‘रास’ म्हटलं की जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असेल ती. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. म्हणून एकाच दिवशी जन्मलेल्या मुलांची रास बहुधा एकच निघते, लग्न मात्र वेगवेगळं. ज्योतिषी जन्मवेळ खोदून खोदून विचारतात ती मुख्यतः लग्नासाठी.

तो 8 हा आकडा राशीचा. मेष 1 धरून मोजत गेलं की वृश्चिक 8. घर मात्र पहिलंच, तनुस्थान. नवशिका हमखास इथेच अडतो. वरचं मधलं घर कायम पहिलं, तिथून डावीकडे उतरत मोजायचं आणि खालचं मधलं घर सातवं.

आता पत्रिका पडताळून पाहा. मे अखेरीस सूर्य वृषभेत असतो. संध्याकाळी सातला तो पश्चिमेला मावळत होता, म्हणजे वृषभ पश्चिम क्षितिजावर. तिच्या बरोबर समोरची, सातवी रास वृश्चिक, ती पूर्वेला उगवत असणार. लग्न बरोबर आहे. सूर्य सातव्या घरात दिसला पाहिजे. तिथीही ताडता येईल: चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला की एक तिथी होते, त्यामुळे वृषभेच्या मध्यावरचा सूर्य आणि कर्केचा चंद्र यांवरून शुद्ध चतुर्थी ते सप्तमी यांतली एखादी निघेल.

मांडवातल्या लग्नाकडे अर्थ सरकला तो मुहूर्तामुळे. विवाहासाठी शुभ लग्न, म्हणजे उगवती रास, शोधायचे. ती वेळ साधली की ‘लग्न साधलं’. हळूहळू वेळेचं नाव सोहळ्याला मिळालं. मंगलाष्टकांनंतर ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ म्हणतात, त्यातलं लग्न विवाह नव्हेच, मुहूर्ताची उगवती रास आहे. पुढे लगेच ताराबल, चंद्रबल येतं, त्यावरून हे स्पष्ट होतं. अक्षता मुठीत धरून आपण हे किती वेळा ऐकतो, आणि अर्थ कानावरून जातो याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या आजोळी घटिकापात्र होतं. तांब्याची वाटी, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की आत पाणी चढत चढत 24 मिनिटांत ती बुडायची. ती एक घटका. लग्नघटिका हा शब्द तिथला, आणि ‘घटका भरली’ हेही तिथलंच.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या विवेचनाला एक जोड. विवाहाच्या सातव्या स्थानाला जुन्या ग्रंथांत ‘जामित्र’ म्हणतात, आणि तो शब्द ग्रीक आहे. मूळ ‘दियामेत्रोस’, म्हणजे व्यास, समोरासमोरचं. केंद्र आणि होरा (म्हणजे तास) हे शब्दही ग्रीकांकडून आलेले. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर यानं ‘बृहज्जातक’ या ग्रंथात होरा शब्द ‘अहोरात्र’मधली पहिली व शेवटची अक्षरं गाळून झाला, असंही एक मत नोंदवलं आहे.

म्हणून पत्रिकेला ‘वैदिक ज्योतिष’ म्हणायला मी कचरतो. वेदांगज्योतिष नावाचा जुना ग्रंथ आहे, पण त्यात नक्षत्रं, तिथी आणि 5 वर्षांचं युग येतं. ते यज्ञाचा काळ ठरवण्यासाठी होतं. मेष-वृषभादी 12 राशी त्यात नाहीत. मराठीत पत्रिकेच्या शास्त्राला फलज्योतिष किंवा जातक हे नेमके शब्द असताना तेच वापरावेत. शं. बा. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या 1896 च्या ग्रंथात हा सगळा इतिहास मराठीतच मांडला आहे.

पुन्हा प्रश्न विचारणारी

दोघांचेही आभार. पत्रिका परत काढून बघितली. सूर्य खालच्या मधल्या घरात आहे, तिथी शुद्ध षष्ठी. आज सूर्य मावळताना भाचीला गच्चीवर नेऊन दोन्हीकडची क्षितिजं दाखवते.