अव्हॉइड, इव्हेड आणि इल्यूड
इंग्रजीतल्या 'अव्हॉइड' आणि 'इव्हेड' दोन्हींचा अर्थ टाळणेच, मग कुठलंही वापरलं तर काय बिघडतं, असं एकाने विचारलंय. बिघडतं! कायद्यातल्या तरतुदी वापरून कर वाचवला तर 'टॅक्स अव्हॉइडन्स'. उत्पन्न लपवून चुकवला तर 'टॅक्स इव्हेजन', आणि तो गुन्हा. प्रश्नाला बगल देणं हेही 'इव्हेड'च.

'इल्यूड' मला फार आवडतं, कारण तिथे कर्ता उलटतो. 'हिज नेम इल्यूड्स मी' म्हणजे त्याचं नाव मला हुलकावणी देतंय, काही केल्या आठवत नाही. आणि कामचुकारपणा करून काम टाळणं म्हणजे 'शर्क'.

सर्रास होणारी चूक म्हणजे 'अव्हॉइड टु गो'. 'अव्हॉइड'नंतर क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावूनच: 'अव्हॉइड गोइंग'.