आबांच्या गुडघ्याला तुंबडी लावू द्यावी का?

शाहूपुरीची लेक:
आबा पंचाहत्तरीचे, शुगर जुनी, रक्त पातळ करायची गोळी चालू. गुडघ्यानं हैराण झालेत. तालमीतल्या त्यांच्या मित्राकडं एक जण घरी येऊन फासण्या मारतो, म्हणजे पात्यानं कातडीवर बारीक चिरे देतो, आणि वर तुंबडी (रक्त ओढून घ्यायची वाटी) लावून 'नासकं रक्त' काढतो. आबा म्हणतात, "मला बी बोलवा त्याला." पातं स्पिरिटनं पुसतो म्हणे. तेवढं बास होतं का?

निवृत्त सिस्टर:
नाही ओ ताई. सुकलेल्या रक्तातसुद्धा हिपॅटायटिस बी चा विषाणू किमान 7 दिवस तग धरतो. वरवर पुसून तो जाईलच असं नाही. धनुर्वाताचे बीजाणू स्पिरिटला दाद देत नाहीत, साध्या उकळण्यानंही त्यांचा भरवसा नाही. ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यातली 121 अंशांची वाफ लागते. ब्लेड नवं आणलं तरी तुंबडी तीच असते, मागच्या घरातलं रक्त लागलेली.
त्यात आबांचं वय. कातडी पातळ, जखम लवकर भरत नाही. शुगरमुळं पायाची जाणीव कमी झाली असेल तर आत पू झाला तरी दुखणार नाही. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असंही नाही. जेवण सुटतं, माणूस अचानक बरळायला लागतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. हे मी वॉर्डात फार बघितलंय. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, खराब होते.

वैद्य, राजारामपुरी:
सुश्रुतांनी जळू हा रक्त काढायचा सगळ्यात सौम्य उपाय म्हटलाय, वृद्धांसाठीसुद्धा. मी स्वतः लावते. पण जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू असतात, त्यांच्यावर अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक सहसा चालत नाही. एका रुग्णाची जळू दुसऱ्याला लावायची नाही, हा माझा नियम. चावा कित्येक तास वाहतो, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना मी जळू लावत नाही. आबांना जळूही नको.

करवीरकर:
माझ्या मावशीच्या फासण्यांवर हळद-तेल चोपडलं होतं. पाय मांडीपर्यंत लाल झाला, कातडी तापून चकाकायला लागली. बरेच दिवस सलाईनवर होती. कृपा करून लावू देऊ नका.

शाहूपुरीची लेक:
आबांना सगळं वाचून दाखवलं. गप्प बसले, मग म्हणाले, "मग गुडघ्याचं काय करू?"

निवृत्त सिस्टर:
बरोबर विचारलंय त्यांनी, दुखणं खरंच आहे. सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, मेडिकलमधून दुखण्याची गोळीही परस्पर आणू नका. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि त्यांच्या मित्राला हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करायला सांगा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारायला सांगा. त्यांना आज काही होत नसलं तरी.